गळ्यात माळ, हातात लाठी



गेल्या कार्तिकी वारीहून परत आलो आणि चारच दिवसांनी एक तरुण दारात येऊन उभा राहिला. वय पंचविशीच्या आसपास, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. आमच्याच जावळी खोऱ्यातला. पायांवर डोके ठेवले, उठून बसला, पण बोलेना. पाणी झाले, चहा झाला, मग हळूच म्हणाला, "बुवा, महापालिकेत काम लागतंय. कीटकनाशक खात्यात, रात्रपाळी. उंदीर मारायचं काम आहे. आबा म्हणतात, आपल्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे. हे काम धरायचं असेल तर माळ विठोबाच्या पायावर ठेव आणि मग जा. मी काय करू?"

माउली, पन्नास वर्षे मी कीर्तनाच्या गादीवर उभा राहिलो. भूतदयेवर किती कीर्तने केली याची गणती नाही. कावडीतले पाणी तहानलेल्या गाढवाला पाजणारे नाथबाबा, पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेवराय, हे दृष्टांत सांगताना श्रोत्यांचे डोळे भरून येत आणि माझेही येत. तरी त्या दिवशी त्या पोराला मला उत्तर देता आले नाही. "आळंदीची यात्रा झाली की ये," एवढेच म्हणालो. मधल्या दिवसांत जे चिंतन झाले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो हलका नाही. त्या पोराचे आबा अडाणी नाहीत, नेमाचे वारकरी आहेत. त्यांचे म्हणणे असे: उंदीर हाही जीव आहे. जो आपल्या हृदयात आहे तोच त्याच्याही हृदयात आहे. उंदीर पाप म्हणून काही करीत नाही, तो पोटामागे फिरतो. त्याला रोग होतो हे त्याला ठाऊक नाही आणि तो रोग आपल्याला लागतो हेही त्याला ठाऊक नाही. अशा अजाण जिवाला लाठीने मारायचे, तेही एखादा नव्हे, आणि त्यावर घर चालवायचे, हे माळेला शोभत नाही. वर तो गणरायाचे वाहन.

काम कसले आहे तेही समजून घ्या. मुंबईत रात्री दहा-अकरानंतर, बाजार उठल्यावर, हे लोक निघतात. एका हातात बॅटरी, एका हातात लाठी. घरगल्ल्या, मच्छीबाजार, गटारांचे काठ. प्रकाश डोळ्यांवर पडला की उंदीर क्षणभर थिजतो. तेवढ्यात घाव घालायचा. एका रात्रीचा हिशोब तीस उंदरांचा असतो आणि सकाळी ते मोजून द्यावे लागतात. आपण अंथरुणात असतो तेव्हा हे चाललेले असते.

पूर्वपक्ष झाला. आता पारड्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते पाहू.

माझी आजी सांगायची, "उंदीर पडला की माणसानं घर सोडायचं." तिच्या लहानपणी प्लेग आला की आढ्यावरून मेलेले उंदीर खाली पडत आणि गावच्या गाव रानात खोपी घालून राहायला जाई. परत आल्यावर किती चुली पेटल्या ते मोजायचे. मुंबईत हा रोग १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखला. डॉ. हाफकिन यांनी त्यावरची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परळला त्यांच्या नावाची संस्था आहे, तिच्यावरून मी गिरणीच्या भोंग्याच्या काळापासून जात-येत आलो. त्याच वर्षी पुण्यात, प्लेगने आजारी पडलेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले दवाखान्यात पोचल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्यांनी देह ठेवला. भूतदया म्हणजे काय, हे त्या पाठीकडे पाहून कळते.

हा रोग उंदराकडून माणसाकडे येतो कसा, हे १८९८ साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले. रोगाचा जंतू उंदराच्या अंगावरच्या पिसवांत असतो. उंदीर मेला, अंग थंड पडले, की पिसवा त्याला सोडतात आणि जे ऊबदार अंग सापडेल त्यावर जातात. म्हणून मेलेल्या उंदराला हात लावायचा नसतो. आजीचे घर सोडणे ही भीती नव्हती, ते शहाणपण होते.

प्लेग आता मागे पडला म्हणाल, तर पावसाळ्यात मुंबईला लेप्टो आहे. उंदीर-घुशींच्या मुतातून याचा जंतू साचलेल्या पाण्यात उतरतो आणि पायाला खरचटलेले असेल, भेग असेल, तर तेथून अंगात शिरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, शहर कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेले आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोची साथ आली, हे पुष्कळांना आठवत असेल.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

सोळा-सतरा वर्षांपूर्वीची. आमच्या चाळीत विठ्ठलाचे लहानसे मंदिर आहे. त्याच्या मागच्या कोठीत सप्ताहाच्या गोण्या, मैदा, गूळ, सगळे उघड्यावर असे. उंदीर झाले, घुशी झाल्या, ओट्याखाली बिळे पडली. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर मी स्वतः दोन गल्ल्या पलीकडे नेऊन सोडायचो आणि मनात म्हणायचो, एक जीव वाचवला. कोणीतरी तक्रार दिली आणि एका रात्री पालिकेचा माणूस लाठी घेऊन आला. मी पायरीवर आडवा उभा राहिलो. "देवाच्या दारात हत्या करतोस? लाज नाही वाटत?" असे चार लोकांसमोर बोललो. तो वादाला आला नाही. हात जोडले आणि म्हणाला, "बुवा, मी जातो. पण उंदीर जायचे नाहीत."

चाळीने माझी वाहवा केली. खरा वारकरी म्हणाले.

त्याच पावसाळ्यात आमच्या भजनी मंडळाचा मृदंगी तापाने पडला. एकोणीस वर्षांचा मुलगा, बोटे अशी की बोल ऐकून टाळकरी चुकायचे विसरत. पाणी तुंबले तेव्हा घरगल्लीतून अनवाणी गेला होता, पायाला चिरही होती. दोन दिवस आम्ही साधा ताप समजून काढा पाजला. पोटऱ्या दुखतात म्हणाला. डोळे लाल झाले, मग पिवळे. दवाखान्यात नेईपर्यंत मूत्रपिंडे थांबत आली होती. सहाव्या दिवशी तो गेला. त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण त्याची आई हा अंक वाचते.

कोणत्या उंदराचे, कोणत्या पाण्याचे, हे कोणी सांगू शकत नाही. ते कदाचित आमच्या कोठीतले नसतीलही. मला कोणी दोषही दिला नाही. त्याची माउली आजही दर एकादशीला देवाला तुळशीचा हार आणते, माझ्या पाया पडते. पण त्या पायरीवर मी कोणावर दया केली, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या उशाशी आहे. उंदरावर केली म्हणावे, तर मी त्याला फक्त दुसऱ्याच्या गल्लीत नेऊन सोडत होतो, म्हणजे मारण्याचे काम दुसऱ्यावर ढकलत होतो. खरे सांगायचे तर ती दया मी माझ्या नावावर केली. मला माझे हात स्वच्छ हवे होते.

माउली, शास्त्राकडे वळू. गृहस्थाच्या घरात हत्येच्या पाच जागा आहेत असे स्मृतिकार सांगतात. त्यांना पंचसूना म्हणतात. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. पाहा, किती साध्या वस्तू! यांतल्या एकीवाचून संसार होत नाही आणि एकही वस्तू जिवाला न मारता चालत नाही. म्हणून शास्त्राने चूल विझवायला सांगितली का? नाही. शास्त्र म्हणाले, हे तुझ्याकडून घडते हे ओळख, आणि त्याचे ऋण म्हणून रोज पाच यज्ञ कर. म्हणजे "माझ्याकडून हिंसा होतच नाही" असे म्हणण्याची मुभा शास्त्राने गृहस्थाला दिलेली नाही. जेवढी अटळ तेवढीच, ओळखून, खाली मान घालून, आणि तिची भरपाई करून. केरसुणीसुद्धा त्या पाचांत आहे, हे ध्यानात ठेवा.

महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाचे आख्यान आहे. कौशिक नावाच्या तपस्व्याला ज्ञानासाठी मिथिलेतल्या एका मांस विकणाऱ्याकडे जावे लागले. दुकानाकडे पाहून कौशिकाला किळस आली. तेव्हा व्याधाने त्याला विचार करायला लावले की नांगर जमिनीतून फिरतो तेव्हा किती जीव मरतात, आणि चालणाऱ्याच्या पायाखाली किती जातात. जगात कोण म्हणू शकेल की मी कोणाला मारीत नाही? पण यावरून तो असे म्हणाला नाही की मग कितीही मारा. स्वतःच्या कर्माचे ओझे त्याने नाकारले नाही, आणि त्या ओझ्यासकट आईबापांची सेवा करून तो धर्माने राहिला. तपस्व्याने त्याच्याकडून शिकावे, असा तो अधिकारी झाला.

गणरायाच्या वाहनाचा मुद्दा राहिला. वाहन म्हणजे ज्यावर स्वार व्हायचे ते. गणपती मूषकावर बसला आहे, मूषक गणपतीवर बसलेला नाही. आपल्या शहरात हे उलटे झाले आहे.

ते उलटे कसे झाले, याचा विचार केल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. उंदरीण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा ते बारा पिले होतात. ती पिले दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. आज तीस मारले, तर उरलेल्यांना तेवढे अन्न जास्त मिळते, तेवढी बिळे मोकळी होतात, आणि थोड्याच महिन्यांत जागा पुन्हा भरते. लाठीवाल्याने जन्मभर मारले तरी संपणार नाहीत, जोवर खाऊ घालणारे आपण आहोत. उंदीर किती जगतील हे शेवटी आपला उकिरडा ठरवतो.

येथे मला भूतदयेचा खरा अर्थ सापडला असे वाटते. जो उंदीर जन्मालाच आला नाही, त्याला मारावे लागत नाही. भात खिडकीतून घरगल्लीत फेकायचा नाही, ओला कचरा झाकलेल्या डब्यात ठेवून वेळेवर द्यायचा, धान्य पत्र्याच्या डब्यात, मोरीच्या तोंडाला जाळी, भिंतीच्या भोकांना सिमेंट, अडगळ मोकळी. हे जेथे होते तेथे उंदीर आपोआप कमी होतात. तेथे लाठी लागत नाही, विष लागत नाही. यापेक्षा मोठी दया उंदरावर कोणती करणार? गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, आणि त्याच कीर्तनात देवापुढे बकरे-कोंबडे कापू नका म्हणून सांगायचे. खराटा आणि अहिंसा ही त्यांच्यापाशी दोन कामे नव्हती, हे मला फार उशिरा कळले.

कोणी म्हणेल, बुवा, पंचयज्ञांत भूतयज्ञ आहे, प्राण्यांना घास घालायचा असतो. खरे आहे. पण भूतयज्ञाचा घास हाताने, प्रेमाने, मोजून घालतात. नासलेले अन्न मागच्या खिडकीतून टाकणे हा भूतयज्ञ नव्हे, तो आळस आहे. त्या आळसातून पाचशे जीव जन्माला घालायचे, आणि मग दुसऱ्याच्या हातून ते मारवून घ्यायचे, यात दुप्पट पाप आहे.

आता, ते पाप कोणाचे? लाठी ज्याच्या हातात, त्याचे एकट्याचे? मला तसे वाटत नाही. भात फेकणाऱ्याचा त्यात वाटा आहे. कचरा उचलण्याचे काम अंगावर असून न करणाऱ्याचा आहे. "मारून टाका" म्हणून तक्रार देऊन झोपणाऱ्याचा आहे. आणि "मारू नका" म्हणून पायरीवर उभा राहून कोठी उघडी ठेवणाऱ्याचा, म्हणजे माझा, सर्वांत मोठा आहे. आपल्या संप्रदायाला हे नवे नाही. गावाची घाण ज्यांच्याकडून उचलून घेतली, त्यांनाच देवळाबाहेर उभे केले. चोखोबांना महाद्वाराबाहेर कोणी ठेवले, हे आपण कीर्तनात रडत सांगतो. मग रात्री आपल्यासाठी गटाराकाठी फिरणाऱ्याला "हत्यारा" म्हणताना आपली जीभ का अडखळत नाही? जे काम आपल्यासाठी होते, त्याचा विटाळ करणाऱ्याला लागतो आणि करवून घेणाऱ्याला लागत नाही, हा कोणता न्याय?

पण मारण्याचीही रीत असते, तेही सांगतो. चिकट पुठ्ठ्यावर उंदीर अडकवून ठेवू नये. तो तासन् तास, कधी दिवसभर तडफडतो. जे एका घावात होते, त्याला एवढी यातना देणे हा धर्म नाही. विष कसेही टाकू नये. पोरेबाळे असतात, मांजरे असतात, आणि विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबडही मरते. जे घुबड फुकट राखण करीत होते, तेच आपण घालवतो. आणि मारण्यात मौज वाटू देऊ नये. मुलांना तमाशा म्हणून दाखवू नये. हात कठीण झाला तरी चालेल, मन कठीण होऊ देऊ नये.

आळंदीहून परतल्यावर तो तरुण आला. त्याला मी सांगितले ते असे.

"माळ काढू नकोस. माळ ही पवित्र माणसाला मिळालेले पदक नव्हे, ती रोज आठवण करून देणारी आहे, आणि तुला ती इतरांपेक्षा जास्त लागेल. मन घेत नसेल तर हे काम धरू नकोस, त्यात कमीपणा नाही. पण धरलेस तर लपवू नकोस. घाव एकच घाल. मनात नाम असू दे. सकाळी मोजून दिलेस की अंघोळ कर, आणि त्या जिवांसाठी एक हरिपाठ म्हण. आणि ज्या गल्लीत जाशील तेथल्या लोकांना सांग, की तुम्ही झाकण लावाल तर माझी लाठी थांबेल. तुझे काम कमी व्हावे, अशीच देवाला प्रार्थना कर."

त्याने विचारले, "आणि आबांना काय सांगू?"

मी म्हणालो, "आबांना सांग, बुवाने एकदा एका मूषक संहारकाला पायरीवरून हाकलले होते. त्या माणसाची क्षमा मागायची राहिली. तो आता कोठे असेल ठाऊक नाही. म्हणून तुझी मागतो." आणि मी हात जोडले. पोर गडबडून गेले. पण माउली, मला ते करणे भागच होते.

हा निर्णय माझा आहे. आपल्यापैकी कोणाला आबांचे म्हणणे जास्त पटेल. पटू दे. पण ज्याला आबांचे पटते, त्याने आपल्या घराच्या मागची खिडकी एकदा उघडून खाली पाहावे, एवढीच विनंती.

आषाढी जवळ येते आहे. वारी पावसात चालते आणि आपल्यापैकी पुष्कळजण अनवाणी चालतात. पायाला चिर पडली असेल तर साचलेल्या पाण्यातून जाणे टाळा, जखम धुवून झाकून ठेवा. ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर काढ्यावर दोन दिवस घालवू नका. पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. वेळेवर औषध मिळाले तर हा रोग बरा होतो. मुक्कामावर पंगत उठली की पत्रावळी आणि उरलेले अन्न तसेच टाकून पुढे जाऊ नका. पालखी पुढे जाते, उकिरडा त्या गावात राहतो, आणि त्यावर पोसलेले जीव त्या गावातल्या लेकरांच्या वाट्याला येतात.

आता कीर्तन होत नाही. आवाज बसला, गुडघेही बोलतात. पण रोज संध्याकाळी मी मंदिराची कोठी स्वतः झाडतो. गोण्या गेल्या, झाकणाचे पत्र्याचे डबे आले. ओट्याखालची बिळे बुजवली, त्याला आता सोळा वर्षे झाली. तेथे लाठी पुन्हा आली नाही. झाडून झाले की मृदंगाच्या खुंटीपाशी थोडा थांबतो. मृदंग तसाच आहे, दुसरा मुलगा वाजवतो, बरा वाजवतो.

मग खराटा कोपऱ्यात ठेवतो आणि हरिपाठाला बसतो.

राम कृष्ण हरी.